व्हीएमचं नेटवर्क दर दोन दिवसांनी तुटतंय? 'रिस्टोअर डिफॉल्ट्स' दाबण्याआधी हे तपासा

"मॅडम, पुन्हा गेलं."

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात हे वाक्य मी सलग दोन महिने दर सोमवारी सकाळी ऐकलं. गेलं म्हणजे व्हीएमचं, डेस्कटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाचं, नेटवर्क गेलं. शनिवारी संध्याकाळी सगळं नीट चालताना बघून कुलूप लावायचं, आणि सोमवारी डेस्कटॉप सुरू केला की व्हीएमला टेबलावरचा पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक कंट्रोलर) दिसायचा नाही. मग माझ्याबरोबर काम करणारा मुलगा व्हर्च्युअल नेटवर्क एडिटर उघडायचा, 'रिस्टोअर डिफॉल्ट्स' दाबायचा, अर्धा तास पत्ते पुन्हा भरायचा आणि नेटवर्क लागायचं. दोन-चार दिवस गेले की ये रे माझ्या मागल्या.

सातपूर आणि सिन्नरच्या ऑटोमेशनवाल्यांशी बोलताना कळलं की बहुतेक जण हेच बटण दाबून दिवस काढतात. ते बटण आजार बरा करत नाही, उलट पुढच्या वेळची सोय करून ठेवतं. म्हणून आम्हाला सापडलेली कारणं आणि उपाय सविस्तर लिहितेय. उदाहरणं व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो आणि विंडोज होस्टची (होस्ट म्हणजे ज्यावर व्हीएम चालतात तो खरा संगणक) आहेत. व्हर्च्युअलबॉक्स आणि हायपर-व्ही वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

आधी आमची मांडणी. आम्ही शीतगृहांचे कंट्रोल पॅनेल करतो. दिंडोरी, पिंपळगाव, निफाड पट्ट्यात द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की चालू पॅनेलवर कुठलाही प्रयोग करता येत नाही. खोलीचं तापमान चढलं तर शेतकऱ्याचा वर्षभराचा माल जातो. त्यामुळे प्रोग्राममधला प्रत्येक बदल आधी ऑफिसात तपासायचा. त्यासाठी एका डेस्कटॉपवर तीन व्हीएम आहेत: विंडोज १० वर नवं पीएलसी सॉफ्टवेअर, विंडोज ७ वर जुन्या पॅनेलांचं सॉफ्टवेअर, आणि लिनक्सवर तापमानाच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस. टेबलावर चाचणीचा एक पीएलसी, तो यूएसबी लॅन डोंगलमधून डेस्कटॉपला जोडलेला. ऑफिसचं इंटरनेट वायफायवर.

पीएलसीचा पत्ता १९२.१६८.१.१०. ऑफिसच्या राउटरचा १९२.१६८.१.१. ज्यांच्या भुवया इथेच उंचावल्या असतील, त्यांना अर्धं उत्तर मिळालं आहे.

त्या बटणाने नेमकं काय होतं

वर्कस्टेशन बसवलं की तीन आभासी नेटवर्क आपोआप तयार होतात. व्हीएमनेट-० म्हणजे ब्रिज: व्हीएम थेट तुमच्या खऱ्या नेटवर्कवर जाऊन बसतो आणि राउटरकडून स्वतःचा पत्ता घेतो. व्हीएमनेट-१ म्हणजे होस्ट-ओन्ली: फक्त डेस्कटॉप आणि व्हीएम, बाहेर वाट नाही. व्हीएमनेट-८ म्हणजे नॅट: व्हीएम डेस्कटॉपच्या आडून इंटरनेट वापरतो. विंडोजवर व्हीएमनेट-० ते व्हीएमनेट-१९ अशी एकूण २० नेटवर्क ठेवता येतात, पण नॅटचं त्यात एकच.

आता खरी गोष्ट. व्हीएमनेट-१ आणि व्हीएमनेट-८ ला कुठला सबनेट, म्हणजे पत्त्यांचा गट, द्यायचा हे बसवताना सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं. त्या क्षणी मोकळा दिसलेला १९२.१६८ मधला एखादा गट ते उचलतं. 'रिस्टोअर डिफॉल्ट्स' दाबलं की तुम्ही बनवलेली सगळी नेटवर्क पुसली जातात आणि ही निवड पुन्हा होते. म्हणजे कालपर्यंत जो डेटाबेस एका पत्त्यावर होता, तो आज दुसऱ्याच गल्लीत. त्याच्या जुन्या पत्त्यावर विसंबून असलेलं सगळं, पोर्ट फॉरवर्डिंगपासून (बाहेरून आलेली मागणी ठरलेल्या पत्त्याकडे वळवणं) लॉगिंगच्या प्रोग्रामपर्यंत, तुटतं. व्हीएम चालू असताना हे बटण दाबू नये, ब्रिजचं नुकसान होऊ शकतं, असा इशारा सॉफ्टवेअरच्या कागदपत्रांतच आहे. आमच्याकडे तिन्ही व्हीएम चालू ठेवूनच ते दाबलं जात होतं.

दाबल्यावर सुरू का व्हायचं? कारण सगळे ड्रायव्हर आणि सेवा नव्याने बसतात आणि अडकलेला ब्रिज सुटतो. मूळ कारण मात्र जागच्या जागीच राहतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी व्हीएमला मिळालेला पत्ता वाचा

काहीही बदलण्याआधी व्हीएममध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग /ऑल चालवा. लिनक्स असेल तर आयपी ॲड्रेस. मिळालेला आकडा बरंच काही सांगून जातो.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर व्हीएमने डीएचसीपीला, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेला, हाका मारल्या आणि कोणी ओ दिली नाही. हा पत्ता विंडोजने नाइलाजाने स्वतःच घेतलेला असतो. कारण दोनपैकी एक: ब्रिज चुकीच्या कार्डावर गेला आहे, किंवा व्हीएमवेअरची डीएचसीपी सेवा बंद आहे.

पत्ता १९२.१६८ चा आहे आणि शेवटचा आकडा १२८ किंवा त्याच्या पुढचा आहे, पण मधला आकडा ओळखीचा नाही, तर व्हीएम बहुधा तुमच्या राउटरकडून नाही, व्हीएमवेअरच्या डीएचसीपीकडून पत्ता घेतोय. नॅट आणि होस्ट-ओन्लीमध्ये ही सेवा मुळात १२८ ते २५४ हेच पत्ते वाटते. तुम्हाला ब्रिज हवा होता आणि असा पत्ता दिसला, तर व्हीएमच्या सेटिंगमध्येच चुकीचं नेटवर्क निवडलेलं आहे.

पत्ता अगदी बरोबर आहे, तरीही समोरचं यंत्र दिसत नाही, ही तिसरी आणि सगळ्यात जास्त दमवणारी अवस्था. इथे लोक पिंग करतात, उत्तर येत नाही, आणि नेटवर्क गेलं म्हणून मोकळे होतात. पण विंडोजची फायरवॉल बाहेरून आलेल्या पिंगला अनेकदा उत्तरच देऊ देत नाही. म्हणून पिंग केल्यावर लगेच एआरपी -ए ही कमांड द्या. समोरच्या पत्त्यापुढे मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) दिसला, तर तार, ब्रिज, स्विच सगळं ठीक आहे. अडचण फायरवॉलची किंवा त्या प्रोग्रामची आहे. मॅक दिसलाच नाही, तर खालच्या थरातच जोडणी नाही. या एका कमांडने आमचे कित्येक तास वाचले. कोणी फोन करून "व्हीएमला नेटवर्क नाही" म्हणालं की मी आता पहिल्यांदा हेच विचारते.

मुख्य कारण: ब्रिज 'ऑटोमॅटिक' वर ठेवलेला

व्हीएमनेट-० मुळात 'ऑटोमॅटिक' असतो. म्हणजे डेस्कटॉपवरच्या कार्डांपैकी कुठलं वापरायचं हे सॉफ्टवेअर ठरवणार. एकच लॅनकार्ड असेल तर हे उत्तम. पण आमच्याकडे वायफाय, मदरबोर्डवरचं लॅन, यूएसबी डोंगल, शिवाय डब्ल्यूएसएलने (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) तयार केलेलं एक आभासी कार्ड, असा चौघांचा संसार. सोमवारी डेस्कटॉप सुरू व्हायचा तेव्हा पीएलसीला वीज दिलेलीच नसायची, म्हणून डोंगलच्या तारेवर सिग्नल नसायचा. वायफाय मात्र लगेच जोडलं जायचं. ब्रिज जिवंत कार्ड शोधणार, त्याला वायफाय सापडणार, आणि व्हीएम थेट ऑफिसच्या राउटरवर. पीएलसी मागून सुरू केला तरी व्हीएम तिकडे वळून बघत नसे.

उपाय असा. सगळे व्हीएम पूर्ण बंद करा, सस्पेंड नव्हे. एडिट मेनूतून व्हर्च्युअल नेटवर्क एडिटर उघडा आणि खाली 'चेंज सेटिंग्ज' दाबून ॲडमिनचे अधिकार घ्या. त्याशिवाय सगळं राखाडी दिसतं आणि काही बदलता येत नाही. व्हीएमनेट-० निवडून 'ऑटोमॅटिक सेटिंग्ज' मध्ये जा. तिथल्या यादीतून डोंगलवरची खूण काढा, डब्ल्यूएसएल किंवा व्हीपीएनची आभासी कार्डं दिसत असतील तर त्यांच्यावरचीही काढा. मग 'ॲड नेटवर्क' करून व्हीएमनेट-२ घ्या, 'ब्रिज्ड' निवडा आणि यादीतून नेमकं डोंगल निवडा. शेवटी पीएलसी लागणाऱ्या प्रत्येक व्हीएमच्या सेटिंगमध्ये नेटवर्क ॲडाप्टरला 'कस्टम' करून व्हीएमनेट-२ द्या. 'कनेक्ट ॲट पॉवर ऑन' वर खूण आहे ना, तेही बघून घ्या.

या वाटेत एक जुना अडथळा हमखास येतो. व्हीएमनेट-२ ला ब्रिज करायला गेलं की, होस्टवर ब्रिज न झालेलं एकही कार्ड उरलेलं नाही, असा संदेश येतो. एक खरं कार्ड एका वेळी एकाच व्हीएमनेटला जोडता येतं, आणि ऑटोमॅटिक असलेल्या व्हीएमनेट-० ने सगळी कार्डं आपल्याकडे धरून ठेवलेली असतात. आधी तिथून डोंगल सोडवा, मग दुसरीकडे बांधा. तरीही तोच संदेश आला तर विंडोजमध्ये त्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'व्हीएमवेअर ब्रिज प्रोटोकॉल' ही ओळ आहे का आणि तिच्यावर खूण आहे का ते बघा. मोठ्या अपडेटनंतर किंवा नवीन अँटिव्हायरस बसवल्यावर ती कधीकधी गायब झालेली असते. अशा वेळी वर्कस्टेशनच्या इन्स्टॉलरमधलं 'रिपेअर' चालवावं.

एवढं केल्यावर आठ दिवस सुखाचे गेले. नवव्या दिवशी, "मॅडम, पुन्हा गेलं."

या वेळचं कारण शोधायला मला एक पूर्ण दुपार लागली, म्हणून ते नीट सांगते. टेबल पुसताना कोणीतरी डोंगल काढून शेजारच्या यूएसबी पोर्टात लावलं होतं. एम. जी. रोडवर मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त डोंगलांना स्वतःचा सीरियल क्रमांक नसतो. असं डोंगल दुसऱ्या पोर्टात गेलं की विंडोज त्याला नवंकोरं उपकरण समजतं. काल 'इथरनेट ३' होतं, आज 'इथरनेट ४'. त्याला दिलेला पत्ता जुन्याकडेच राहतो, आणि व्हीएमनेट-२ सुद्धा त्या आता नसलेल्या जुन्याशी बांधलेला राहतो. त्यात भर म्हणजे व्हर्च्युअल नेटवर्क एडिटर 'इथरनेट ४' असं नाव दाखवत नाही, तो चिपचं वर्णन दाखवतो, आणि दुसऱ्या वेळी त्याच्यापुढे फक्त '#२' लागलेलं असतं. एका नजरेत ते लक्षात येत नाही.

डोंगल मूळ पोर्टात परत लावलं आणि सगळं जागेवर आलं. त्या पोर्टाभोवती आम्ही लाल इन्सुलेशन टेप लावली आहे आणि डोंगलवरही तीच टेप. जमत असेल तर डोंगलऐवजी डेस्कटॉपच्या आत दुसरं पीसीआय-ई लॅनकार्ड बसवा, हा प्रश्नच मिटतो. डोंगल थेट एका व्हीएमच्या ताब्यात द्यायचाही मार्ग आहे, व्हीएम मेनूतल्या 'रिमूव्हेबल डिव्हायसेस' मधून. पण मग ते एका वेळी एकाच व्हीएमला मिळतं. आमच्या दोन व्हीएमना ते लागतं, म्हणून तो मार्ग आम्ही सोडला.

वायफायवर ब्रिज करणाऱ्यांना एक विनंती: शक्यतो करू नका. ॲक्सेस पॉइंट सहसा त्याच्याशी जोडलेल्या कार्डाचाच मॅक ॲड्रेस स्वीकारतो. व्हीएमचा मॅक वेगळा असल्याने सॉफ्टवेअरला मधल्यामध्ये अदलाबदल करत राहावी लागते. काही राउटरवर ते चालतं, काहींवर अर्धवट चालतं, आणि अर्धवट चाललेलं नेटवर्क पूर्ण बंद पडलेल्यापेक्षा जास्त वेळ खातं. वायफाय असेल तिथे नॅट वापरा.

दुसरं कारण: दोन गल्ल्यांना एकच नाव

आता तो १९२.१६८.१ चा मुद्दा. ऑफिसचं वायफाय आणि पीएलसीचं नेटवर्क, दोन्ही १९२.१६८.१ मधली. डेस्कटॉपला दोन्ही कार्डांवर त्याच गटातले पत्ते दिलेले.

तुम्ही सिडकोत रिक्षात बसलात आणि नुसतं "दत्त मंदिर" म्हणालात, तर रिक्षावाला तुम्हाला चौकातल्या दत्त मंदिरापाशी सोडेल. तुम्हाला नाशिकरोडच्या दत्त मंदिर स्टॉपला जायचं होतं हे त्याला कसं कळणार? संगणकाचं तेच. ज्या गटात आपण स्वतः आहोत त्यातला पत्ता दिसला की तो गेटवेकडे (नेटवर्कबाहेर जाण्याच्या दाराकडे) जात नाही, थेट आपल्या गल्लीत हाक मारतो. गल्ल्या दोन आणि नाव एक असलं की राउटिंगच्या कोष्टकात ज्याचा मेट्रिक (वाट निवडताना बघितला जाणारा आकडा) कमी, त्या कार्डावर हाक जाते. तारेला सिग्नल आला-गेला, वायफायचा वेग बदलला, की मेट्रिक बदलू शकतो. म्हणून आज दिसणारा पीएलसी उद्या दिसत नाही. विंडोजमध्ये राउट प्रिंट चालवलंत तर एकच सबनेट दोनदा, दोन वेगळ्या कार्डांपुढे दिसेल. ते दिसलं की निदान पक्कं.

सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे ऑफिसच्या राउटरचा सबनेट बदलणं. पीएलसीचा बदलू नका. साइटवरच्या पॅनेलमध्ये तोच पत्ता असतो आणि ऑफिसात वेगळा ठेवला की प्रोग्राम चढवताना गफलत होते. पण आमच्यासारखं राउटर इमारतीच्या मालकाचं असेल आणि त्याला हात लावता येत नसेल, तर दुसरी युक्ती आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते.

ब्रिजसाठी होस्टच्या कार्डाला पत्ता असावाच लागत नाही. विंडोजमध्ये डोंगलच्या प्रॉपर्टीज उघडा, 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' आणि 'व्हर्जन ६' वरच्या खुणा काढा, 'व्हीएमवेअर ब्रिज प्रोटोकॉल' वरची खूण तेवढी ठेवा. आता डेस्कटॉपच्या दृष्टीने ती तार नाहीच. ती फक्त व्हीएमची. डेस्कटॉपकडे एकच १९२.१६८.१ उरतो, गोंधळ संपतो. व्हीएमच्या आत व्हीएमनेट-२ च्या कार्डाला १९२.१६८.१.५० असा स्थिर पत्ता द्या आणि गेटवेची जागा रिकामी सोडा. रिकामी म्हणजे रिकामी. तिथे सवयीने काहीतरी भरलं की व्हीएम इंटरनेटची वाट पीएलसीकडे विचारत बसतो. एका यंत्राला दोन कार्डं असली तरी गेटवे एकाच कार्डावर.

एक मर्यादा आहे. त्या व्हीएमला आता ऑफिसच्या १९२.१६८.१ मधला प्रिंटर नॅटमधूनही मिळणार नाही, कारण तो पत्ता दिसला की व्हीएम पीएलसीच्या गल्लीतच शोधेल. आम्ही पीडीएफ काढून होस्टवरून छापतो.

तुमच्या स्वतःच्या आभासी नेटवर्कांना सबनेट देतानाही हाच विचार करा. खासगी वापराचे तीन पट्टे १९९६ पासून ठरलेले आहेत: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. यातले काही कोपरे आधीच कोणीतरी धरलेले असतात. १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ बहुतेक राउटरांचे. काही फायबर राउटर १९२.१६८.२९ वापरतात. विंडोजचं इंटरनेट शेअरिंग १९२.१६८.१३७ घेतं, व्हर्च्युअलबॉक्सचं होस्ट-ओन्ली १९२.१६८.५६, डॉकर १७२.१७, आणि आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१०. दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरवर राउटर नाही, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावला आणि व्हीएमचं नेटवर्क तुटलं, असं तुमच्याकडे होत असेल तर हा शेवटचा आकडा तपासा. आम्ही व्हीएमनेट-८ ला १९२.१६८.१५० दिला. तुम्ही कुठलाही घ्या, पण तुमचा तुम्ही निवडा, सॉफ्टवेअरवर सोडू नका.

रोज बदलणारा पत्ता

डेटाबेसचा लिनक्स व्हीएम नॅटवर होता आणि पत्ता डीएचसीपीकडून घेत होता. व्हीएमवेअरच्या डीएचसीपीचा ठरलेला भाडेकरार अर्ध्या तासाचा असतो. व्हीएम दोन दिवस बंद राहिला, मधल्या काळात दुसऱ्याने तो पत्ता घेतला, की हा नव्या पत्त्यावर उठतो, आणि पोर्ट फॉरवर्डिंग जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत राहतं.

व्हीएमच्या आतच स्थिर पत्ता द्या, ३ ते १२७ मधला. आमच्याकडे विंडोज १० च्या नॅटवरच्या दुसऱ्या कार्डाला १९२.१६८.१५०.१० आणि लिनक्सला १९२.१६८.१५०.२०. शेवटी १ असलेला पत्ता डेस्कटॉपच्या आभासी कार्डाचा असतो आणि २ असलेला नॅटच्या गेटवेचा. इथे खूप जण चुकतात: घरच्या राउटरच्या सवयीने गेटवेत १ भरतात. मग डेस्कटॉप दिसतो, दुसरा व्हीएम दिसतो, इंटरनेट मात्र नाही. गेटवे २ आणि डीएनएसही (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) २ भरा.

विंडोज ७ च्या व्हीएमला आम्ही नॅट देतच नाही, फक्त व्हीएमनेट-२. त्या विंडोजचा सुरक्षा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला आहे, त्याला इंटरनेटवर सोडू नये.

किरकोळ, पण तपासून घ्याव्यात अशा गोष्टी

सर्व्हिसेसच्या यादीत 'व्हीएमवेअर नॅट सर्व्हिस' आणि 'व्हीएमवेअर डीएचसीपी सर्व्हिस' चालू हव्यात. नॅट आणि होस्ट-ओन्ली दोन्ही एकदम गेले तर पहिली शंका यांच्यावर घ्या.

व्हीएमचं फोल्डर कॉपी करून दुसरा बनवला असेल, तर पहिल्यांदा सुरू करताना येणाऱ्या प्रश्नाला 'आय कॉपीड इट' हेच उत्तर द्या. 'आय मूव्हड इट' म्हटलं तर दोघांचा मॅक ॲड्रेस एकच राहतो आणि दोन्ही चालू असताना नेटवर्क आळीपाळीने तुटतं.

विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की शटडाउन पूर्ण होत नाही, ड्रायव्हरची जुनी अवस्था जपून ठेवलेली असते. शटडाउन करून सुरू केल्यावर नेटवर्क येत नाही आणि रीस्टार्ट केल्यावर येतं, असं दिसलं तर हेच कारण धरून चाला.

व्हर्च्युअलबॉक्स, हायपर-व्ही आणि लिनक्स होस्ट

व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅटमध्ये प्रत्येक व्हीएम स्वतंत्र खोलीत असतो. सगळ्यांना १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो आणि एकमेकांना ते दिसतच नाहीत. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. व्हीएमनी एकमेकांशी बोलायला हवं असेल तर 'नॅट नेटवर्क' बनवून सगळ्यांना त्यात घाला. लिनक्स किंवा मॅक होस्टवर आवृत्ती ६.१.२८ पासून होस्ट-ओन्लीचे पत्ते १९२.१६८.५६ ते १९२.१६८.६३ एवढ्याच पट्ट्यात चालतात. बाहेरचा हवा असेल तर इटीसी फोल्डरमधल्या व्हीबॉक्स फोल्डरात 'नेटवर्क्स' नावाची कॉन्फ फाइल करून त्यात तो पट्टा लिहावा लागतो. जुन्या मार्गदर्शनात हे नसतं, म्हणून लोक अडकतात.

हायपर-व्हीचा 'डिफॉल्ट स्विच' तर डेस्कटॉप रीस्टार्ट झाला की स्वतःचा सबनेट बदलू शकतो. त्यावर स्थिर पत्ता देऊन कधीच निभाव लागणार नाही. पॉवरशेलमधून 'इंटर्नल' प्रकारचा स्वतःचा स्विच करा, त्याला पत्ता द्या आणि न्यू-नेटनॅट या कमांडने त्याच्यावर नॅट चढवा. या नॅटबरोबर डीएचसीपी येत नाही, त्यामुळे व्हीएमला पत्ते हाताने द्यायचे.

वर्कस्टेशन लिनक्स होस्टवर असेल आणि कर्नल अपडेटनंतर सगळी व्हीएमनेट एकदम गायब झाली, तर व्हीएममॉन आणि व्हीएमनेट हे मॉड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधायचे राहिले आहेत. सिक्युअर बूट चालू असेल तर त्यांच्यावर सहीसुद्धा करावी लागते.

बटणाऐवजी ही फाइल

सगळं नीट चालू झालं त्या दिवशी आम्ही शेवटचं एक काम केलं. नव्या आवृत्त्यांमध्ये व्हर्च्युअल नेटवर्क एडिटरच्या खालच्या बाजूला, 'रिस्टोअर डिफॉल्ट्स' च्या शेजारीच, 'एक्सपोर्ट' आणि 'इम्पोर्ट' अशी दोन बटणं आहेत. एक्सपोर्ट केलं की तुमची सगळी नेटवर्क, सबनेट, डीएचसीपी, पोर्ट फॉरवर्डिंग एका फाइलमध्ये जातं. लिनक्स होस्टवर इटीसीमधल्या व्हीएमवेअर फोल्डरातली 'नेटवर्किंग' ही फाइल जपून ठेवली तरी तेच काम होतं. खरोखरच ब्रिज अडकला आणि सगळं नव्याने बसवावं लागलं, तर व्हीएम बंद करायचे, डिफॉल्टवर न्यायचं आणि लगेच ही फाइल इम्पोर्ट करायची. अर्ध्या तासाचं काम दोन मिनिटांत होतं, आणि पत्ते जिथल्या तिथे राहतात.

फाइलच्या नावात तारीख घाला. आमची पेन ड्राइव्हवर आहे, आणि तिची एक प्रत होस्टच्या डी ड्राइव्हवर. शिवाय एका कागदावर तीन ओळी: कुठला व्हीएम, कुठलं व्हीएमनेट, कुठला पत्ता. तो कागद मॉनिटरच्या मागच्या भिंतीवर चिकटवला आहे. गेल्या पंधरवड्यात एका सोमवारी डोंगल पुन्हा चुकीच्या पोर्टात गेलं होतं. मी त्या वेळी दिंडोरीत साइटवर होते. ऑफिसातल्या त्या मुलाचा फोन आला तो दुपारी, दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता तो म्हणाला, "सकाळी पीएलसी दिसत नव्हता, लाल टेप बघितली, लावलं परत."